थोरलीच्या नावाला साजेसे धाकटीचे नाव

कन्येच्या बारशाचा मुहूर्त विचारण्यासाठी न्यासाच्या कार्यालयात येणारी मंडळी मुहूर्ताबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. घरात थोरली मुलगी आहे, तर धाकटीचे नाव तिच्या नावाशी जुळणारे कोणते ठेवावे? प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु हे नाव त्या बालिकेला जन्मभर वागवावयाचे असते, आणि बहुतेक वेळ ते बहिणीवाचून एकटीनेच वागवावयाचे असते. म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम अक्षराची अडचण. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांप्रमाणे अवकहडा चक्रात १०८ अक्षरे दिलेली आहेत. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर ‘ण’ येतो, आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर ‘ङ’. अशा वेळी आईवडील गोंधळून जातात. त्यांनी चिंता करण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. नाक्षत्रनाम पत्रिकेत राहते. आत्याबाई कानात सांगतात आणि शाळेच्या हजेरीपटावर चढते, ते व्यावहारिक नाम निराळे असू शकते. जोडी जुळवावयाची ती याच नावाची. गृह्यसूत्रांत मुलीच्या नावाची अक्षरसंख्या विषम असावी असे म्हटले आहे. त्या हिशेबाने लता, आशा, उषा ही सारी नावे बाद व्हावयास हवीत! लोकांनी तो नियम केव्हाच बाजूला ठेवला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील अपेक्षा मात्र आजही पटण्यासारखी आहे : नाव उच्चारास सुलभ, अर्थाने स्पष्ट व मंगल असावे आणि शेवटी दीर्घ स्वर असावा.

बहिणींच्या नावांचा एक सुरेख नमुना आपल्या हैदराबादेतच आहे. पुढे निजाम कॉलेज या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्या चार कन्या म्हणजे सरोजिनी, मृणालिनी, सुनलिनी आणि सुहासिनी. थोरल्या सरोजिनी नायडू (जन्म १८७९) सर्वांना ठाऊक आहेत. पहिल्या तिन्ही नावांत कमळ आहे, परंतु शब्द तीन निराळे : सरोज, मृणाल, नलिन. चौथीपाशी कमळ सुटले, तरी शेवटचा ‘नी’ टिकला आणि अर्थ झाला सुंदर हसणारी. सूत्र आहे, पण ते कोणाच्या गळ्याला आवळलेले नाही. सुनलिनी नृत्य व अभिनयाच्या क्षेत्रात गेल्या, सुहासिनी राजकारणात. थोरल्या बहिणीच्या नावाची सावली कोणाच्याही नावावर पडली नाही. सरोजिनीबाईंनी आपल्या एका कन्येचे नाव पद्मजा ठेवले. कमळ असे पुढच्या पिढीत पुन्हा उमलले.

मंगेशकर भगिनींच्या नावांत अर्थाचा संबंध नाही, नाद मात्र एक आहे. लताबाईंचे जन्मनाव हेमा होते. दीनानाथरावांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून पुढे लता झाले. हेमा असो वा लता, पुढे मीना, आशा, उषा. सगळी दोन अक्षरी, आकारान्त. आशा आणि उषा यांत फरक केवळ पहिल्या स्वराचा आहे. माजघरातून हाक मारली तर दोघीही ‘ओ’ देतील, एवढी एक गैरसोय यमकात असतेच.

खरा दोष निराळा आहे. काशीराजाच्या तीन कन्या अंबा, अंबिका व अंबालिका. अंबेची कथा कोणी विसरत नाही. परंतु धृतराष्ट्राची माता कोणती आणि पंडूची कोणती, हे सांगताना जाणकारही क्षणभर अडखळतात. (अंबिका धृतराष्ट्राची, अंबालिका पंडूची.) थोरलीच्या नावाला प्रत्यय जोडून धाकटीचे नाव तयार केले की असे होते, धाकटी म्हणजे थोरलीची लहान आवृत्ती ठरते. दिती-अदिती या दक्षकन्यांची जोडीही टाळावी, कारण त्यात एक नाव दुसऱ्याचा नकार आहे. ऋद्धी-सिद्धी, जाई-जुई या जोड्या समसमान आणि गोड आहेत, पण बंदिस्त आहेत. तिसरे अपत्य कन्याच झाली, तर ती दाराबाहेर उभी राहिल्यासारखी वाटते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. सातारा जिल्ह्यात दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचे नाव ‘नकोशी’, ‘नकुशा’ असे ठेवण्याची चाल होती. पुढचे अपत्य मुलगा व्हावा, हा हेतू. ऑक्टोबर २०११मध्ये तेथे जाहीर समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. आपल्या घरांत इतके उघड कोणी करीत नाही. तथापि थोरलीसाठी सहा महिने कोश धुंडाळणारे आईवडील धाकटीच्या वेळी ‘काहीही चालेल, यमक जुळले म्हणजे झाले’ असे म्हणतात, तेव्हा फरक प्रमाणाचाच राहतो. धाकटीने मोठेपणी ‘माझ्या नावाचा अर्थ काय?’ असे विचारले, तर ‘ताईच्या नावाशी जुळते’ यापलीकडे उत्तर देता आले पाहिजे.

हैदराबादेत आणखी एक पथ्य पाळावे लागते. येथे नावाला मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू अशा चारही जिभांवर नांदावयाचे असते. चारु म्हणजे सुंदर. तेलुगू शेजारणीच्या कानाला मात्र ते जेवणातले सार वाटते. ‘प्रज्ञा’ आपण ‘द्न्य’ असे उच्चारतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो, तेलुगू भाषक ‘ग्न’कडे झुकतो, आणि इंग्रजी स्पेलिंगही त्याप्रमाणे बदलते. तेलुगू वळणाचा लेखनिक ‘लता’ लिहितानाही ‘टी’पुढे ‘एच’ घालतो. दोघी बहिणींच्या कागदपत्रांत निदान स्पेलिंगची पद्धत एक असावी, एवढे पाहावे.

नावाची घाई करू नये. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार बालकाचा जन्म नावाविनाही नोंदविता येतो. नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते; त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते. रुग्णालयातील अर्ज भरताना सुचेल ते नाव लिहून मोकळे होण्यापेक्षा तो रकाना कोरा ठेवावा, दोन्ही नावे आठ दिवस घरात मोठ्याने उच्चारून पाहावीत, आणि थोरली बोलण्याच्या वयाची असेल तर तिलाही विचारावे.