एक न वाचणारं, एक सगळं वाचणारं

इयन कॅरॉल आणि सॅम करी या दोन संगणक-सुरक्षा संशोधकांनी २०२५ च्या जूनअखेर मॅकडोनाल्ड्सच्या नोकरभरतीच्या यंत्रणेत डोकावून पाहिलं. तिथे काम मागायला येणाऱ्याशी आधी 'ऑलिव्हिया' नावाचा चॅटबॉट बोलतो. तो बनवलाय पॅराडॉक्स नावाच्या कंपनीनं. या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या लॉगिनवर दोघांनी १२३४५६ हा पासवर्ड टाकला आणि ते थेट आत गेले. चाचणीसाठी उघडलेलं ते खातं २०१९ पासून कुणी वापरलंही नव्हतं. आत गेल्यावर अर्जाचा क्रमांक एकानं कमी केला की भलत्याच उमेदवाराचं नाव, फोन नंबर आणि चॅटबॉटशी झालेलं बोलणं पडद्यावर येत होतं. क्रमांक ६ कोटी ४० लाखांच्या घरात पोचलेले होते. दोघांनी कळवल्यावर त्याच दिवशी ही भगदाडं बुजवण्यात आली.

या एका घटनेत पासवर्ड आणि भरती दोन्ही आले. पासवर्ड सांभाळणारं आणि माणसं निवडणारं, अशी दोन्ही सॉफ्टवेअरं आता मध्यम आकाराच्या कंपन्याही घेतात. बहुतेकदा एकच आयटी विभाग ती घेतो आणि दोन्हींना एकच तक्ता लावतो: दर माणशी भाडं किती, मोबाइल ॲप आहे का, ईमेलशी जोडता येतं का. माझ्या मते चूक इथेच होते. यांतल्या एका सॉफ्टवेअरचा गुण हा की बनवणाऱ्या कंपनीला त्यातलं काही वाचता येऊ नये. दुसऱ्याला वाचल्याशिवाय काम करताच येत नाही. मग दोघांची परीक्षा एकाच पट्टीनं कशी होणार?

पासवर्ड मॅनेजरचं आतलं काम समजून घेण्यासारखं आहे. कर्मचाऱ्याला एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा असतो. हा पासवर्ड सर्व्हरवर जात नाही. त्याच्या स्वतःच्या संगणकावर तो एका गणिती प्रक्रियेतून मुद्दाम लाखो वेळा फिरवला जातो आणि त्यातून किल्ली तयार होते. तिजोरीतले सगळे पासवर्ड त्या किल्लीनं कुलूपबंद होऊनच सर्व्हरवर पोचतात. पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरायची तर किमान ६ लाख फेऱ्या घ्या, अशी ओवास्प या संस्थेची शिफारस आहे. आपल्याला लॉगिन करताना जेमतेम क्षणभर थांबावं लागतं, पण चोराला प्रत्येक अंदाजासाठी ती किंमत पुन्हापुन्हा मोजावी लागते.

आकड्यांत पाहू. समजा, चोराच्या यंत्राला सेकंदाला १० हजार अंदाज करता येतात. सहा आकडी पासवर्डच्या शक्यता १० लाख, म्हणजे सगळ्या तपासायला १०० सेकंद. आता ७,७७६ शब्दांची यादी घ्या आणि फासे टाकून त्यातले चार शब्द उचला. शक्यता होतात सुमारे ३,६५६ लाख कोटी. त्याच यंत्राला त्या सगळ्या तपासायला साडेअकरा हजार वर्षं लागतील. शब्द मात्र फाशांनीच निवडायला हवेत. मुलीचं नाव, गाडीचा नंबर, आवडतं दैवत हे सगळं चोराच्या यादीत आधीपासून असतं.

लास्टपास या प्रसिद्ध पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत २०२२ मध्ये जे झालं, त्यातून हे गणित प्रत्यक्षात किती मोलाचं आहे ते दिसलं. हल्लेखोरांनी एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरकाव केला आणि शेवटी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच पळवल्या. तिजोऱ्यांमधले पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. कोणाचं खातं कोणत्या बँकेत आहे, हे चोराला बसल्याजागी कळत होतं. शिवाय काही जुन्या खात्यांना त्या काळच्या कमी फेऱ्यांचंच संरक्षण होतं. त्या फेऱ्या वाढवल्या गेल्याच नव्हत्या. कंपनीचं नाव तेच, भाडंही तेच, पण कोणाची तिजोरी टिकणार हे त्या फेऱ्यांवर आणि ज्याच्या-त्याच्या मुख्य पासवर्डवर अवलंबून राहिलं.

म्हणून तुलना करताना मी पहिला प्रश्न हा विचारेन: उद्या तुमचा सर्व्हर चोरीला गेला, तर चोराला नेमकं काय वाचता येईल? वनपासवर्ड मुख्य पासवर्डच्या जोडीला १२८ बिटांची एक गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्याच उपकरणावर तयार करतं, त्यामुळे कमकुवत पासवर्डवाल्यालाही आधार मिळतो. बिटवॉर्डनचा सोर्स कोड सगळ्यांसमोर खुला आहे आणि त्यात आर्गॉन२ ही संगणकाची मेमरी खाणारी, म्हणून चोराला जास्त महाग पडणारी पद्धत निवडता येते. कीपास फुकट आहे आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. एकट्यादुकट्याला ते उत्तम, पण पन्नास माणसांच्या कार्यालयात कोणाला काय दिसतं याचा हिशेब ठेवणं अवघड जातं.

कार्यालयात आणखी एक गोष्ट घडते. 'पासवर्ड दाखवू नका, नुसता वापरू द्या' अशी सोय बरेच जण देतात. तिच्यावर फार विसंबू नका. ब्राउझरनं पासवर्ड रकान्यात भरला, की थोडीफार माहिती असलेला माणूस तो बाहेर काढू शकतो. एखादा सहकारी नोकरी सोडून गेला, तर त्याचं खातं बंद करून भागत नाही. त्यानं वापरलेला प्रत्येक सामायिक पासवर्ड बदलावा लागतो. त्यानं कोणते वापरले, याची यादी एका क्लिकवर देणारं सॉफ्टवेअर मला दहा आकर्षक सोयींपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

भरतीच्या सॉफ्टवेअरकडे वळलं की सगळं उलटं होतं. चेन्नईच्या झोहोची 'व्हॉल्ट' आणि 'रिक्रूट' ही दोन्ही उत्पादनं आहेत. व्हॉल्टमध्ये मुख्य पासवर्ड कंपनीकडे साठवलाच जात नाही. रिक्रूटला मात्र बायोडेटा उघडून त्यातून नाव, शिक्षण, अनुभव वेचून रकान्यांत भरावे लागतात. या वेचण्यातच पुष्कळ काही हरवतं. दोन स्तंभांत मांडलेला बायोडेटा काही सॉफ्टवेअरं आडवा वाचत जातात आणि एका नोकरीची तारीख दुसऱ्या नोकरीला चिकटते. आपल्याकडच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. तसंच नाव बायोडेटावर लिहिलं की आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं अनुभवाचं पत्र आपल्या डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण यंत्राला आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी सापडते. त्या उमेदवाराचा दहा वर्षांचा अनुभव शून्य होतो आणि त्याला ते कधी कळतही नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दाद मागायला समोर कुणी माणूसच नसतो.

यानंतर चाळणी लागते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात पाहणी केलेल्या ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं, की वरच्या कौशल्याचे पात्र उमेदवारही केवळ जाहिरातीतल्या अटी तंतोतंत जुळल्या नाहीत म्हणून गळतात. नोकरीत सहा महिन्यांहून जास्त खंड, ही एक नेहमीची चाळणी. बाळंतपण किंवा घरातलं आजारपण काढलेली बाई त्यातून पहिली गळते. ॲमेझॉननं बायोडेटांना गुण देणारी प्रणाली आधीच्या वर्षांतल्या अर्जांवरून शिकवली होती. ते अर्ज बहुतांश पुरुषांचे असल्यानं ती 'महिलांचा' असा उल्लेख दिसला की गुण कमी करू लागली. शेवटी कंपनीनं ती सोडून दिली; रॉयटर्सनं २०१८ मध्ये ही बातमी दिली.

इथे कुलूप किती मजबूत आहे एवढं विचारून भागत नाही. कोणाला वगळलं, कोणत्या कारणानं, ते कारण लेखी सापडतं का, हे विचारावं लागतं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा स्वयंचलित निवडीच्या साधनांची दरवर्षी त्रयस्थाकडून पक्षपात-तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात उद्देश संपल्यावर माहिती पुसण्याचं बंधन आहे आणि ती नीट न जपल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे नाकारलेल्या उमेदवारांचे जुने बायोडेटा 'असू देत, पुढे लागतील' म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं ही आता मोठी जोखीम आहे. ठरावीक मुदतीनंतर ते आपोआप पुसले जातात का आणि बॅकअपमधूनही जातात का, हे करारावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

भरतीच्या सॉफ्टवेअरची एक चाचणी तर कोणत्याही कार्यालयाला आठवड्याभरात करता येईल. आज तुमच्याकडे जे उत्तम काम करतात, त्यांची संमती घेऊन त्यांचे रुजू होतानाचे बायोडेटा त्या चाळणीतून घाला, मराठीतली पत्रं आणि दोन स्तंभांची पानं होती तशीच ठेवून. त्यांतले कितीजण पहिल्याच फेरीत गळतात ते मोजा, आणि विक्रेत्याला समोर बसवून प्रत्येकाचं कारण विचारा.