माउई बेटावरचे उत्सव आणि आमचा कॅमेरा



आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक दृश्य हमखास दिसतं. आरती सुरू झाली की निम्मे हात टाळ्या वाजवतात आणि उरलेले निम्मे मोबाईल उंचावून उभे राहतात. त्या दुसऱ्या निम्म्यांत आम्हीही असतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघं काही वर्षं हवाईतल्या माउई बेटावर राहिलो आणि तिथल्या सणासमारंभांचे फोटो काढायचं वेड लागलं. आम्ही काही पट्टीचे फोटोग्राफर नव्हे. दिवसभर कोड लिहायचं आणि शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायचं, इतकंच. त्यातून जे शिकलो (बरंचसं चुकूनमाकूनच!) ते इथे मांडतो आहोत.

इतके उत्सव आले कुठून?

हवाईतल्या सणांचं मूळ शोधायचं तर उसाच्या मळ्यांत जावं लागतं. मळ्यांवर राबायला १८५२ पासून चिनी मजूर आले, १८७८ पासून पोर्तुगीज आणि १९०६ पासून फिलिपिनो. जपानी मजुरांची पहिली तुकडी १८६८ साली आली आणि १८८५ नंतर त्यांचा ओघ वाढला. हवाईतला शेवटचा मोठा साखर कारखाना माउईवरच होता, तोही २०१६ च्या अखेरीस बंद पडला. मळे गेले, पण माणसांनी सोबत आणलेले सण राहिले.

त्यामुळे फोटो काढणाऱ्याची चंगळ असते. चिनी नववर्षाला सिंहनृत्य. २६ मार्चला राजपुत्र कुहिओचा दिवस. ११ जूनला राजा कामेहामेहाचा दिवस, जो १८७२ पासून साजरा होतो. त्या मिरवणुकीत लांबलचक घोळदार वस्त्रं नेसलेल्या बायका घोड्यावर बसून येतात. त्यांना 'पाऊ' स्वार म्हणतात. प्रत्येक बेटाची एक राणी असते आणि बेटाचा रंग ठरलेला असतो: हवाई बेटाचा लाल, माउईचा गुलाबी, ओआहूचा पिवळा, काउआईचा जांभळा, मोलोकाईचा हिरवा. हे आधी ठाऊक असलं की फोटोत नुसती 'रंगीत गर्दी' येत नाही, कोण कुठली हे कळतं.

पण आमचा जीव जडला तो उन्हाळ्यातल्या 'ओबोन'वर.

ओबोन म्हणजे आनंदी पितृपक्ष

ओबोन हा जपानी बौद्ध लोकांचा पूर्वजांचा सण. पितर घरी येतात, ही कल्पना आपल्या पितृपक्षासारखीच. पण आपल्याकडे त्या पंधरवड्यात शुभकार्य नको म्हणतात, तर इथे चक्क नाचतात! जून ते ऑगस्ट दर आठवड्याच्या अखेरीस बेटावरच्या कुठल्या ना कुठल्या देवळाची पाळी असते. अंगणाच्या मध्यभागी 'यागुरा' नावाचा लाकडी मचाण, त्यावरून चहूकडे सोडलेल्या कंदिलांच्या माळा, ढोल घुमताहेत आणि भोवती गोल फेर धरून शेकडो माणसं नाचताहेत. ज्यांनी लहानपणी पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरलाय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. फेरात जपानी, हवाईयन, फिलिपिनो, गोरे, सगळेच. आम्हालाही एका आंटीने हाताला धरून ओढलं. (हवाईत कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला 'आंटी'च म्हणतात, आपल्या मावशी-काकूंसारखं.)

उजेडाचं गणित

माउई साधारण २१ अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या अमरावती-नागपूरच्या ओळीत. तिथल्यासारखीच इथली संध्याकाळही झटकन उतरते. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं. कंदील पेटलेले आणि मागे निळं आकाश, हा फोटो फक्त त्या वेळातच मिळतो. नंतर मागे काळा पडदाच येतो. म्हणून जेवणाची रांग त्याच्या आधी किंवा नंतर लावा, मध्ये नको!

फ्लॅश बंद ठेवा. त्याने कंदिलाचा पिवळसर उजेड मरतो, चेहरे पांढरेफटक होतात आणि नाचणाऱ्यांचे डोळे दिपतात ते वेगळंच. त्यापेक्षा ५० मिलिमीटरची साधी, स्वस्त लेन्स घ्या, एफ १.८ वर उघडा आणि आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा. फोटो थोडा रवाळ येईल, येऊ द्या. रवाळ फोटोतला माणूस ओळखता येतो, हललेल्या फोटोतला येत नाही.

शटरचं गणित सोपं आहे. १/१२५ सेकंदावरून १/१५ वर आलात की सुमारे आठपट उजेड मिळतो, पण हात-पाय पुसट होतात. मग करायचं काय? आधी दोन फेऱ्या नुसतं बघायचं. हा नाच म्हणजे आपल्या भाषेत एक लूप आहे, त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा येतात. 'तांको बुशी' हे कोळसा खाणकामगारांचं गाणं घ्या. त्यात खणायचं, ओझं खांद्यावर टाकायचं, मागे वळून चंद्राकडे बघायचं, गाडी ढकलायची, असा क्रम असतो. चंद्राकडे बघताना शरीर क्षणभर थांबतं. तोच आपला क्षण! तिथे १/३० सुद्धा पुरतो. एकदा हुकला तरी काळजी नको, तीच आंटी तेच वळण घेत पुन्हा समोर येणार आहे.

कॅमेरा कधी खाली ठेवायचा

आम्ही सांभाळलेले काही नियम:

१. फेराच्या आत शिरायचं नाही. बाहेरून काढा, किंवा कॅमेरा ठेवून नाचा.

२. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला त्या घराचा हा पहिला ओबोन असतो. तरंगत्या कंदिलांवर गेलेल्या माणसांची नावं लिहिलेली असतात. दुरून सगळे कंदील घ्या, पण एखाद्या घरच्या कंदिलावर किंवा रडणाऱ्या चेहऱ्यावर लेन्स रोखू नका.

३. हूला नृत्याला नुसता करमणुकीचा कार्यक्रम समजू नका. नृत्याच्या गुरूंना 'कुमू' म्हणतात. सरावाचे किंवा विधींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. सुरुवातीचं मंत्रपठण चालू असताना आम्ही कॅमेरा खालीच ठेवत असू.

४. कोणी गळ्यात 'लेई'ची माळ घातली तर लेन्सला अडचण होते म्हणून ती लगेच काढू नका. देणाऱ्यादेखत माळ उतरवणं वाईट दिसतं. (हे आम्हाला कसं कळलं ते विचारू नका!)

जो फोटो आमच्याकडे उरला नाही

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

माउईच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहाइना हे जुनं गाव. तिथे भारतातून आलेलं, १८७३ साली लावलेलं एक वडाचं झाड आहे, पारंब्या टेकवत टेकवत ते अख्ख्या चौकभर पसरलं. गावाच्या टोकाला समुद्राकाठी जोडो पंथाचं बौद्ध मंदिर होतं. पहिले जपानी मजूर आल्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९६८ साली तिथे बुद्धाची मोठी मूर्ती बसवली होती. त्या देवळाचा ओबोन जुलैच्या पहिल्या शनिवारी व्हायचा. २०१९ साली आम्ही तिथे सुमारे चारशे फोटो काढले. घरी येऊन आमच्या मते चांगले ते अडतीस ठेवले आणि बाकीचे डिलीट केले. ठेवलेल्यांत काय होतं? कंदिलांच्या रेषा, सूर्यास्तासमोरच्या काळ्या आकृत्या, झोकदार पुसट हात. आणि काढून टाकलेल्यांत? कोणाचे डोळे मिटलेले, मागे खाऊच्या स्टॉलचा फलक आलेला, म्हाताऱ्या बायका बाकावर पंखा हलवत बसलेल्या.

२०२१ मध्ये आम्ही बेट सोडलं. ८ ऑगस्ट २०२३ ला लाहाइना जळालं. शंभराहून अधिक माणसं गेली. ते देऊळ जळालं, गावातली आणखी दोन बौद्ध देवळंही जळाली. बुद्धाची मूर्ती मात्र उभी राहिली आणि होरपळलेल्या वडाला काही आठवड्यांतच नवी पालवी फुटली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्या जुन्या ऑफिसातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आई वारल्या होत्या त्याला तीन वर्षं झाली होती. आईचं लाहाइनातलं घर आणि घरातले सगळे अल्बम आगीत गेले होते. त्यांनी अगदी संकोचत विचारलं, "तुम्ही त्या वर्षी खूप फोटो काढत होतात. त्यात कुठे आई आहे का हो?"

आम्ही दोघं त्या रात्री ते अडतीस फोटो पुन्हा पुन्हा बघत बसलो. एका फोटोच्या कोपऱ्यात पाठमोरी एक बाई होती, कमरेच्या पट्ट्यात हातपंखा खोचलेला. पाठवला. उत्तर आलं, "हीच. पंखा अशी तिरपा ती एकटीच खोचायची." मोठा प्रिंट काढून पाठवला, त्यांनी मनापासून आभार मानले. पण आम्हाला माहीत होतं, त्यानंतरच्या एखाद्या फोटोत तो चेहरा नक्की असणार. 'बॅकग्राउंडला फलक आलाय' म्हणून आम्हीच तो पुसला होता.

आपल्या मंडळासाठी

तेव्हापासून आम्ही फोटो काढायची पद्धत बदलली. कलात्मक फोटो काढतोच, पण सोबत ही यादी असते: प्रत्येक रांगेतले चेहरे, स्वयंपाकघरातली माणसं, खुर्च्या मांडणारे, सगळ्यात वयस्कर पाहुणे आणि वर्ष लिहिलेला फलक. फक्त पूर्ण काळे किंवा ओळखता न येणारे फोटोच पुसतो. डिस्क आता स्वस्त आहे हो! फाईलच्या नावात तारीख, गाव आणि प्रसंग लिहितो, आणि नावं ठाऊक असलेली मंडळी आहेत तोवर नावंही विचारून घेतो.

आणि आमच्या धंद्यातला जुना नियम पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमच्या २०१९ च्या फोटोंची एक प्रत पुण्याला आईबाबांच्या कपाटात आहे. ऑफिसातल्या सर्व्हरसाठी आपण जे इमानेइतबारे करतो, ते घरच्या अल्बमसाठी करत नाही, एवढंच.

तेव्हा येत्या गणेशोत्सवात बाप्पाचे फोटो जरूर काढा. पण एकदा वळून मोदकांच्या परातीपाशी उभ्या असलेल्या काकूंचाही काढा. पदर नीट करू द्या, नाव विचारा, आणि डोळे मिटलेले आले तरी पुसू नका. आणि हो, आरतीच्या वेळी मोबाईल खिशात. निदान आम्ही तरी यंदा टाळ्याच वाजवणार आहोत!