लाईन आली की लॅपटॉप बंद? आधी चार्जर काढून पाहा, मग दुकान गाठा

नागपूर : जून लागला की गावोगावच्या सेवा केंद्रांवर गर्दी वाढते. उत्पन्नाचे, जातीचे दाखले, नॉन-क्रीमीलेअर, पाठोपाठ खरीप पीक विमा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाईन झालेत. नेमके याच दिवसांत वादळ, विजा आणि लाईनचा लपंडाव सुरू होतो. अर्ज अर्धा भरून झाला की लॅपटॉप फटकन बंद! शेवटची तारीख असेल तर नुकसान शेतकऱ्याचे आणि विद्यार्थ्याचे होते. कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रे आपल्याच जिल्ह्यात असली, तरी गावच्या डीपीवरचा त्रास काही चुकत नाही.

दुकानात नेले की बरेचदा "मदरबोर्ड गेला" असे ऐकायला मिळते. पण दोष कुठे आहे, याचा अंदाज घरीच घेता येतो.

तीन साध्या चाचण्या

पहिली : चार्जर काढा आणि फक्त बॅटरीवर अर्धा तास काम करा. लॅपटॉप व्यवस्थित चालला, तर संशय चार्जरवर, बोर्डाच्या पिनवर किंवा घरच्या वायरिंगवर.

दुसरी : चार्जर लावल्यावर चालते, पण काढला की ३०-४० टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडते? मग बॅटरी थकली आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरसीएफजी हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडून तिरपी रेघ द्या आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे टाईप करा. तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता दिसते. आजचा आकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

तिसरी : दोन्हीकडे बंद पडते. मग कसे बंद पडते ते बघा. निळा स्क्रीन येऊन पुन्हा सुरू होत असेल, तर ड्रायव्हर, रॅम किंवा फर्मवेअरकडे बोट जाते. काहीच न दाखवता एकदम काळे होत असेल, तर वीज किंवा उष्णता.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीमच्या नोंदीत "कर्नल-पॉवर ४१" दिसले की अनेकजण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडली. कारण त्यातून कळत नाही.

डिम लाईट नव्हे, जास्तीचे व्होल्टेज घातक

चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. म्हणजे बल्ब मंद झाला, व्होल्टेज १७०-१८० वर आले, तरी चांगला चार्जर सहसा काम करतो. धोका असतो तो लाईन परत येतानाच्या झटक्याचा आणि त्याहून जास्त न्यूट्रल तुटण्याचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला, की एका घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर, वाईट वेळी चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकते. ओळखायचे कसे? एका घरचे बल्ब मंद आणि शेजारच्या घरचे भगभगीत, पंखा अचानक जोरात. असे दिसले की सगळे प्लग काढा, मेन स्विच पाडा आणि महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार करा. खांबावर स्वतः चढू नका.

साधा स्पाईक गार्ड क्षणभराचा झटका अडवतो. सतत राहणारे जास्तीचे व्होल्टेज त्याला झेपत नाही. त्यासाठी मीटरनंतर व्होल्टेज वाढताच लाईन तोडणारे यंत्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढणे हाच खरा उपाय. नेटची केबलही काढावी, तिच्यातूनही झटका येतो.

अर्थिंग आणि चार्जर

चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येतात, टचपॅडचा बाण आपोआप नाचतो? बहुतेक वेळा अर्थिंग नाही किंवा तीन पिनी प्लगची जाडी पिन तोडून टाकलेली असते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे.

चार्जर बदलताना वॅट बघा. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला, तर काम वाढताच मशीन मंद होते किंवा बॅटरी उतरत जाते. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखतात. ओळख पटली नाही तर वेग कमी करतात आणि बॅटरी चार्ज करत नाहीत.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण फुगले असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका.

आपला उन्हाळा

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद होते. त्यात पंख्यात कापसाची रुई, धूळ, राख साचलेली. वर्षातून एकदा, मार्च संपायच्या आत साफसफाई करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. कुलरच्या अगदी तोंडासमोरही नको, तिथली हवा ओली असते.

बायोस अपडेट : जपून

बायोस म्हणजे मशीन सुरू करणारे मूळ फर्मवेअर. चार्जिंग, पंखा, तापमान यांच्या काही चुका अपडेटने सुटतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बंद पडत होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे कंपनीने मान्य केले आणि दुरुस्ती बायोस अपडेटमधूनच दिली. केंद्रावर असा डेस्कटॉप असेल तर अपडेट झाले का, ते विचारून घ्या.

पण अपडेट चालू असताना लाईन गेली आणि बॅटरीही मेलेली असली, तर मशीन सुरूच होत नाही. म्हणून :

– बॅटरी चांगली आणि भरलेली असेल, चार्जरही लागलेला असेल, तेव्हाच अपडेट करा. वादळाच्या दिवशी नाही.
– फाईल कंपनीच्या वेबसाईटवरूनच घ्या, मॉडेल क्रमांक जुळवून.
– आधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरते थांबवा. अपडेटनंतर मशीन ती मागू शकते. नसेल तर आतले दाखले, फाईली हाती लागत नाहीत.
– तरीही मशीन मेली, तर कारागीर बायोसची चिप पुन्हा लिहून देऊ शकतो. थेट नवा मदरबोर्ड घेण्याआधी हे विचारा.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. चुकीच्या तारखेमुळे सरकारी पोर्टल "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही. खर्च अगदी किरकोळ, पण केंद्र दिवसभर बंद राहते.

दुकानात जाताना कागदावर लिहून न्या : चार्जरवर बंद पडते की बॅटरीवर, किती वेळाने, निळा स्क्रीन येतो का, त्या वेळी लाईन आली-गेली होती का. आणि मशीन देण्याआधी फाईलींची प्रत पेनड्राईव्हवर घ्या.