घार उरली, गिधाड कोठे?

उज्जैनला २०२८ साली पुन्हा सिंहस्थ भरणार आहे. क्षिप्रेचे घाट आणि नगरीची स्वच्छता यांची चर्चा त्यानिमित्ताने होत राहील. परंतु महाकालाच्या या नगरीवर घिरट्या घालणारी घार पाहताना, स्वच्छतेचे कार्य पिढ्यानपिढ्या विनावेतन करणाऱ्या गिधाडाचे स्मरण कितीजणांस होईल?

घार आणि गिधाड एकाच कुळातले. वृत्ती मात्र भिन्न. दुभंगल्या शेपटीची घार चपळ आणि संधिसाधू. उंदीर, सरडा, उकिरड्यावरचा मांसाचा तुकडा, जे दिसेल ते ती झडप घालून उचलते. गिधाडाचा निर्वाह मेलेल्या जनावरांवर. त्यांचा मोठा थवा मेलेली गाय तासाभरात फस्त करतो. जाड कातडे फाडून एवढे काम उरकणे घारीच्या आवाक्यातले नव्हे. घार दोन-तीन अंडी घालते, गिधाड वर्षाकाठी एकच. त्यामुळे एकदा खचलेली त्याची संख्या सहजासहजी सावरत नाही.

ती खचली माणसाच्या औषधाने. दुखऱ्या गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मृत जनावरे कुजत राहिली, भटकी कुत्री माजली. २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला.

गुरांसाठी हे औषध वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखा निर्धोक पर्यायही आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये सरकारला कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. कायदा आहे, उणीव आहे ती देखरेखीची.

आशेला जागा आहे. क्षिप्रा ज्या चंबळेस मिळते, त्या चंबळेवरील गांधीसागर अभयारण्याच्या कड्यांवर गिधाडे अजून घरटी करतात. आपल्या रायगड जिल्ह्यातही म्हसळ्याजवळ चिरगाव येथे त्यांना जगविण्याचे प्रयत्न झाले आहेत. सिंहस्थाच्या स्वच्छतेसाठी जो खर्च होईल, त्यातील अल्प अंश औषधविक्रीच्या तपासणीस आणि विषमुक्त मृत जनावरे गिधाडांसाठी ठेवण्याच्या जागांस मिळावा, अशी आमची मागणी आहे.

सत्तालोलुपांना आपण गिधाडे म्हणून हिणवतो आणि सीतेसाठी पंख गमावणाऱ्या जटायूला हात जोडतो. त्या जटायूचे ऋण फेडावयाचे, तर प्रारंभ गोठ्यातल्या औषधाच्या कुपीपासूनच करावा लागेल.