पावलांच्या आधी मांड्या

वार्धक्यातला आहार आणि व्यायाम यांवरच्या संशोधनाचा पसारा गेल्या चार दशकांत अफाट वाढला. कमी खाऊन आयुष्य वाढतं का, यावर माकडांवरच्या दोन मोठ्या अमेरिकी प्रयोगांनी दोन उत्तरं दिली. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा गाजावाजा २०२२ मध्ये ओसरला. पंचवीस हजारांहून अधिक लोकांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. ही प्रकरणं इथेच मिटवू. माझा जीव अडकलाय तो १९९०च्या बॉस्टनमध्ये.

तिथे मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धालयातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना पायांनी वजनं उचलायला लावली. तीही हलकी नव्हेत, तर एका वेळी जास्तीत जास्त जेवढं पेलेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. आठ आठवड्यांत ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबताच चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. म्हणजे हे औषध कायम चालू ठेवायचं.

१९९४ मध्ये त्यांनीच शंभर दुर्बल वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. व्यायाम करणाऱ्यांची दुपटीहून जास्त झाली. पेय मिळूनही एकूण आहार वाढला तो फक्त व्यायाम करणाऱ्यांचा. प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हा प्रयोग आठवतो.

आमच्याच फिजिओथेरपीच्या क्षेत्रातली काही मंडळी अजून ‘रोज चाला, पुरे’ असं सांगतात आणि वृद्धांवरच्या २०१४च्या ‘लाइफ’ चाचणीचा दाखला देतात. त्या चाचणीत चालण्याच्या जोडीला पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम होते, हे मात्र ते सांगत नाहीत.

फिजिओथेरपीच्या माझ्या उमेदीच्या काळात खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना आम्ही खुर्चीच्या कडेला बसवायचो. ‘आजी, पाय मागे घ्या, पुढे वाका, आता टाचा दाबून उठा. हात टेकायचे नाहीत हं!’ मांड्या थरथरायच्या, ओठ घट्ट मिटलेले असायचे, आणि उठल्या की त्या आधी सुनेकडे बघायच्या. त्या पिढीने जन्मभर पाटावर जेवून, जमिनीवर अंथरूण घालून हजारो उठबशा काढल्या होत्या. आता टेबल, कमोड, लिफ्ट. दुखऱ्या गुडघ्यांना त्यांची गरज आहेच; पण गेलेल्या उठबशांच्या जागी आपण काहीच आणलं नाही.

ताटाचीही तीच गत. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी गुरगुट्या भात, रात्री पेज. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर साठ किलोच्या माणसाला रोज साठ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा मिळतात. उसळ, दही, अंडं, मासे ताटात रोज हवेत. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलंय.

धडधाकट वृद्ध दहा दिवस अंथरुणात राहिला तर पायांचं जवळपास किलोभर मांस झडतं, हे २००७ मध्ये मोजून झालं. तरी डिस्चार्ज कार्डावर आजही ‘विश्रांती’ एवढाच शब्द येतो. गोळ्यांच्या शेजारी दिवसातून किती वेळा उठायचं आणि काय खायचं, हे त्यावर असलंच पाहिजे. नसेल तर मुला-सुनांनी ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, आणि मगच आजी-आजोबांना घरी न्यावं.