गुन्ह्याला मुदत किती?

सोलापूरहून गाणगापूरला जाताना राज्याची सीमा कधी ओलांडली ते आपल्याला कळतही नाही. पाट्यांची लिपी बदलते एवढंच. मराठी कानावर पडत राहते. त्यामुळे कायदाही तोच असेल असं आपण धरून चालतो.

यंदा भीमा-अमरजेच्या संगमावर शेजारी बसलेल्या काकूंनी विषय काढला. सीमेपलीकडच्या एका खेड्यात त्यांच्या भाचीला ‘बाधा उतरवतो’ म्हणत एका भोंदूनं काठीनं बडवलं होतं. 2021 सालची गोष्ट. “तेव्हा भीतीनं गप्प बसलो. आता चार वर्षं झाली, कोण केस घेणार?” मी इंजिनीअर, वकील नव्हे, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून घरी येऊन कायदे उघडले.

गुन्हा जुना झाला की खटला चालत नाही हे खरं, पण किरकोळ गुन्ह्यांपुरतंच. फक्त दंडाची शिक्षा असेल तर मुदत 6 महिने. वर्षापर्यंत कैद असेल तर 1 वर्ष. त्याहून जास्त, पण 3 वर्षांपर्यंत असेल तर 3 वर्षं. त्यापुढच्या गुन्ह्यांना मुदतच नाही. 1973 च्या संहितेत हे कलम 468 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514. नियम सगळ्या राज्यांना सारखाच.

मग राज्याराज्यांत फरक कुठून येतो? आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत हा वेगळा साठवलेला आकडा नाही, तो कमाल शिक्षेवरून निघतो. आणि राज्याच्या कायद्यातली शिक्षा राज्य ठरवतं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 चा, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. कर्नाटकाचा 2017 चा, 2020 पासून लागू, शिक्षा 1 ते 7 वर्षं. दोन्हीकडे मुदत नाही. झारखंडनं मात्र बिहारचा 1999 चा कायदा घेतला. त्यात बाईला चेटकीण ठरवलं तर 3 महिने, त्यावरून छळ केला तर 6 महिने. म्हणजे त्या कलमांना मुदत एका वर्षाची! ज्या बाईला गावानं वाळीत टाकलंय, तिनं वर्षाच्या आत पोलिसांत जायचं.

काकूंच्या भाचीचं सगळं अडलंय ते कोणतं कलम लागतं यावर. पोलिसांनी नुसती साधी मारहाण लिहिली, तर कमाल शिक्षा एक वर्ष, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं म्हणून कर्नाटकाचा कायदा लावला, तर दार उघडं आहे. तक्रारीसाठी सीमा ओलांडायचीही गरज नाही; सोलापुरात झिरो एफआयआर नोंदवता येतो, तो पुढे संबंधित ठाण्याकडे जातो. उशिरानं साक्षीपुरावा विरळ होतो हे आहेच, तेव्हा दवाखान्याचे जुने कागद शोधून ठेवावेत.

मुदत संपली तरी न्यायालय कारण पटल्यास उशीर माफ करू शकतं. आणि मोजताना तक्रार दिल्याची तारीख धरतात, न्यायालयानं दखल घेतल्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे 2013 मध्ये स्पष्ट केलं.

वाचताना आणखी एक सापडलं, गाडी चालवणाऱ्या सगळ्यांच्या कामाचं. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर आधी कमाल शिक्षा 2 वर्षं होती, म्हणून मुदत 3 वर्षं. नव्या न्याय संहितेत ती 5 वर्षं झाली आणि मुदत आपोआप गेली. डॉक्टरांसाठी शिक्षा 2 वर्षंच राहिली, म्हणून त्यांची 3 वर्षांची मुदत कायम आहे.