गोठ्यातलं ऑफिस
गावाकडे फोन लागेना की माणूस गच्चीवर चढतो, नाहीतर टेकाड गाठतो. दादासाहेब भगत यांनी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये रेंजसाठी डोंगर गाठला आणि तिथल्या गुरांच्या गोठ्यातच कॉम्प्युटर मांडले. त्या गोठ्यातून परदेशातल्या ग्राहकांसाठी डिझाइनं जाऊ लागली!

गाव सांगवी पाटण, तालुका आष्टी, जिल्हा बीड. छत्रपती संभाजीनगर विभागाचा हा नगरच्या शिवेला लागलेला दुष्काळी कोपरा. दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. अशा भागात वाढलेले भगत दहावी झाले, आयटीआयचा छोटा कोर्स केला आणि कामासाठी पुण्याला गेले.

तिथे इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ऑफिस बॉयची नोकरी मिळाली. खोल्या आवरायच्या, पाहुण्यांना चहापाणी द्यायचं. पगार महिना ९,००० रुपये. कॉम्प्युटरवरच्या कामाला डिग्री लागते, पण ग्राफिक्स आणि अ‍ॅनिमेशनला लागत नाही, तिथे हातातली कला बघतात, हे त्यांना तिथेच कळलं. कला तर होतीच! शाळेत बोर्डिंगला असताना त्यांनी देवळं रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली काम केलं होतं. मला या सगळ्या प्रवासातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. देवळाच्या भिंतीवर रंग भरता भरता बसलेलं वळण पुढे स्क्रीनवर उपयोगी पडलं.

मग नोकरी सांभाळून अ‍ॅनिमेशनचं शिक्षण. पुढे हैदराबादला काम करताना पायथॉन आणि सी प्लस प्लसही शिकून घेतलं. व्हिडिओ इफेक्ट्सच्या कामात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: दरवेळी सगळं पहिल्यापासून बनवण्यात फार वेळ जातो. मग साचेच तयार ठेवले तर? लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे नमुन्यांची जाडजूड वही असते ना, नमुना निवडायचा, नावं-तारखा बदलायच्या, झालं काम. टेम्प्लेट म्हणजे तेच, फक्त इथला नमुना हलतो, चमकतो, फिरतो.

तेवढ्यात कार अपघात झाला. अंथरुणाला खिळल्यावर नोकरी सोडली आणि घरी बसून पूर्ण वेळ टेम्प्लेटच बनवायला घेतले. त्यातून ‘नाइन्थ मोशन’ ही कंपनी उभी राहिली, नंतर ऑनलाइन डिझाइन करून देणारं ‘डूग्राफिक्स’. लॉकडाऊनमध्ये गावी परतल्यावर त्यांनी मित्रांना अ‍ॅनिमेशन शिकवलं आणि डोंगरावरच्या गोठ्यात सोबतीला घेतलं.

ऑनलाइन डिझाइनच्या धंद्यातलं जगभर गाजलेलं नाव म्हणजे कॅनव्हा. त्याच्या संस्थापक मेलनी पर्किन्स यांची पहिली कंपनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, आईच्या घरातल्या दिवाणखान्यात सुरू झाली होती. तिकडे दिवाणखाना, इकडे गोठा!

गुंतवणूकदारांपुढे आपला धंदा मांडायच्या ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही शोच्या तिसऱ्या पर्वात ‘बोट’ कंपनीच्या अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी भगत यांना १ कोटी रुपये देऊ केले. आता गंमत म्हणून हिशेब करा. महिना ९,००० रुपये पगारातला एकही पैसा खर्च न करता एवढी रक्कम साठवायला ९२ वर्षांहून जास्त काळ लागला असता.

आणखी एक हिशेब रेल्वेचा. संभाजीनगरला निजामाच्या काळातच आगगाडी आली, आष्टीकर मात्र वाट बघत राहिले. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५च्या सुमारास. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आष्टीहून नगरला पहिली प्रवासी गाडी सुटली २३ सप्टेंबर २०२२ रोजी, बीडपर्यंत रूळ पोचायला २०२५ उजाडलं. गोठ्यातल्या पोरांची डिझाइनं तोवर कधीच साता समुद्रापार गेली होती.